कात्रीसाठी मांडलेली पाने

नियतकालिकांच्या मांडणीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच दलाल-मुळगावकरांच्या मुखपृष्ठांकडे वळते, आणि ते रास्तच आहे. पण शाळकरी मुलामुलींनी खाऊच्या पैशांतून घेतलेले, लोकप्रिय संगीताला वाहिलेले एखादे स्वस्त पाक्षिक त्याच गांभीर्याने न्याहाळावे, असे सुचवले तर पुष्कळांच्या भुवया उंचावतात. या पुस्तकाचा सारा खटाटोप त्या भुवयांसाठीच आहे. तरुणांसाठी अंक रचणे म्हणजे भडक रंग आणि ठळक उद्गारचिन्हे, असा समज असेल तर वाचकांनी तो थोडा वेळ बाजूला ठेवावा, एवढीच सुरुवातीची विनंती.

अभ्यासासाठी आपण ब्रिटनमधले ‘स्मॅश हिट्स’ घेऊ. त्या देशात संगीताची साप्ताहिके जुनीच होती. १९५२ पासून निघणारे ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ सत्तरच्या दशकात वृत्तपत्री कागदावर छापले जाई. लेख लांबलचक, परीक्षणे तिखट, आणि वाचून झाल्यावर बोटांना शाई. त्याचेच संपादक राहिलेले निक लोगन यांनी १९७८ मध्ये ‘स्मॅश हिट्स’ काढले. त्यांनी वय उतरवले, लेख आखूड केले, रंग आणले आणि अंकाच्या केंद्रस्थानी ठेवले ते गाण्यांचे शब्द.

हा निर्णय साधा वाटतो, पण त्यामागे वाचकाची नेमकी ओळख आहे. गाणे रेडिओवर ऐकायचे, बीबीसीवरच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये पाहायचे, तबकडी घ्यायला पैसे नाहीत आणि निम्मे शब्द कळलेले नाहीत. चित्रपटगृहाबाहेर विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका ज्यांच्या घरी होत्या, त्यांना ही तहान वेगळी समजावून सांगायला नको.

आता गाण्याचे पान मांडून पाहा, म्हणजे अडचणी कळतात. ओळ कुठे तोडायची? धृपद प्रत्येक वेळी पूर्ण छापायचे की नुसता निर्देश करायचा? छायाचित्रावर पांढरी अक्षरे टाकली तर गायकाचा सदरा जिथे फिकट आहे तिथे शब्द बुडतात. आणि सर्वांत अवघड प्रश्न पाठीमागच्या पानाचा. हा वाचक अंक जपून ठेवणारा नव्हे. तो पाने कापतो, वहीत चिकटवतो, भिंतीवर लावतो. एका आवडत्या गायकाच्या मागे दुसरा आवडता छापला की त्या मुलीने कुणाला वाचवायचे? भिंतचित्र अंकाच्या मधोमध येते त्याचेही कारण असेच व्यवहारी आहे: पिनांनी बांधलेल्या अंकात मधला कागद एकसंध असतो, दोन पिना उचकटल्या की तो अखंड हाती येतो. मांडणीकाराने या वापराचा किती आधी विचार केला होता, यात त्याचे कसब दिसते. माझ्या मते अक्षरांच्या निवडीपेक्षाही अधिक.

अर्थात अक्षरेही इथे गमतीने वागतात. वाचकांच्या पत्रांना उत्तरे ठळक ठशात छापली जात. पुढे तो ठळक ठसाच एक पात्र झाला. मुले त्याला नावाने पत्रे लिहू लागली. छपाईची एक सोय अंकाचा स्वभाव होऊन बसली! हा खट्याळपणा वरून चिकटवलेला नव्हता. पुढे ‘पेट शॉप बॉइज’चे गायक झालेले नील टेनंट या अंकाचे सहायक संपादक होते, आणि १९८७ मध्ये टॉम हिबर्ट यांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची मुलाखत घेतली तीही याच पाक्षिकासाठी. लहानांचा अंक म्हणून त्यांच्याशी बोबडे बोलायचे नाही, हे भान तिथे होते.

त्याच लोगन यांनी १९८० मध्ये स्वतःच्या बचतीतून ‘द फेस’ काढले, जरा मोठ्या, कपड्यालत्त्यांची हौस असलेल्या तरुणांसाठी. नेव्हिल ब्रॉडी यांनी त्यासाठी हाताने अक्षरे घडवली. अनुक्रमणिकेचे शीर्षक अंकामागून अंक झिजवत नेले, ते इतके की शेवटी केवळ खुणा उरल्या. नेहमीच्या वाचकाला त्या खुणाही वाचता येत होत्या. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘रे गन’च्या डेव्हिड कार्सन यांनी ब्रायन फेरी यांची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून ती चक्क चिन्हांच्या टंकात लावली. गंमत खरी, पण तो विनोद मांडणीकारांत जास्त रंगतो, असे मला वाटते. वाचकांनी आपले मत जरूर वेगळे ठेवावे.

जुना अंक हाती आलाच तर तुम्ही तो आधी थोडा दूर धरून पाहा. मुखपृष्ठावरचा चेहरा तुमच्या डोळ्यांत पाहतो आहे का? दुकानातल्या मांडणीत अंक एकमेकांवर चढलेले असताना डावीकडची पट्टीच काय ती दिसते. तेवढ्यावरून अंक ओळखू येतो का? मग गाण्याचे पान काढा आणि उलटा. तिथे जाहिरात असेल तर कुणीतरी कात्रीचा विचार केला होता असे समजायला हरकत नाही. मांडणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ब्रॉडींकडे आधी धावावेसे वाटेल. त्यांनी खुशाल तसे करावे. ती प्रकरणे स्वतंत्रपणे वाचता येतात. पत्रव्यवहाराच्या पानावरचे प्रकरण मात्र त्यांनी वगळू नये.