कॅनवरची बारीक अक्षरं

भाच्याचा सातवा वाढदिवस होता. ताईनं आधीच फर्मान काढलं होतं, यंदा घरात साखरेचा कण येणार नाही. केक नाही, जिलबी नाही, पोरांना सरबतसुद्धा नाही. इडल्या, ढोकळा, फळं आणि मोठ्यांसाठी 'शुगर फ्री' पेयाचे कॅन. कारण सांगायला नकोच, पण सांगते. शाळेच्या डायरीत दर आठवड्याला शेरा येत होता... जागेवर बसत नाही, वाक्य अर्धं लिहून सोडतो, तीनदा हाक मारल्याशिवाय ऐकत नाही. मग कुणीतरी ताईला सांगितलं की हे सगळं साखरेनं होतं. सासूबाई म्हणाल्या, "लाडानं गोड भरवलंस, आता भोग." त्या दिवशी ताई ओट्याशी उभी राहून रडली होती.

साखरेचा कण नसलेल्या त्या पार्टीत वीस पोरांनी जो धिंगाणा घातला, तो बघून शेजारचे काका विचारायला आले! असो.

त्या गोंधळात मी एका कोपऱ्यात कॅन घेऊन बसले होते आणि सवयीप्रमाणे त्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. अ‍ॅस्पार्टेम आहे, फिनाइलकिटोन्यूरिया असलेल्यांनी घेऊ नये, अशा अर्थाची एक ओळ असते बघा. ही ओळ आपण सगळ्यांनी शंभरदा पाहिलेली असते आणि एकदाही वाचलेली नसते. तिच्यामागे दोन-तीन आयांची गोष्ट आहे, आणि ती ताईच्या साखरेपर्यंत येऊन पोचते.

पहिली आई नॉर्वेतली, बोर्गनी एगेलांड. तिची मुलगी लिव्ह आणि मुलगा डाग, दोन्ही मुलं जन्मली तेव्हा धडधाकट होती, मग हळूहळू मतिमंद होत गेली. मुलांच्या अंगाला एक विचित्र वास येतो असं ती सांगायची. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी १९३४ साली आस्ब्यॉर्न फोलिंग नावाच्या डॉक्टरांनी तिचं ऐकून घेतलं. हे गृहस्थ रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती गडद हिरवी झाली. असं व्हायला नको होतं. मग कित्येक लिटर लघवी ती माऊली त्यांना पोचवत राहिली आणि ते शोधत राहिले. अखेर सापडलं ते फिनाइलपायरुव्हिक आम्ल. मग त्यांनी मतिमंद मुलांच्या संस्थांमध्ये जाऊन तपासण्या केल्या, तर असे आणखी आठ रुग्ण निघाले.

भानगड अशी आहे. दूध, डाळ, अंडी, मांस, सगळ्या प्रथिनांत फिनाइलॅलनिन नावाचा एक घटक असतो. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं टायरोसिनमध्ये रूपांतर करतं. काही मुलांत ते एन्झाइम जन्मतःच कामाचं नसतं. मग फिनाइलॅलनिन रक्तात साठत जातं आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतं. म्हणजे आई जे दूध मायेनं पाजते, तेच लेकराला बाधतं. हे कळलं तेव्हा त्या आयांना काय वाटलं असेल, याचा विचार करवत नाही. नोबेल मिळवणाऱ्या पर्ल बक यांची लेक कॅरोल हिलाही हाच आजार होता. पण त्यांनी लेकीवर पुस्तक लिहिलं १९५० साली, तेव्हाही त्यावर इलाज नव्हताच.

इलाज निघाला तो दुसऱ्या आईमुळे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळात १९५१ साली शीला नावाची एक छोटी मुलगी आली. उभी राहत नव्हती, बोलत नव्हती, कण्हायची आणि सारखं डोकं आपटायची. हॉर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरांनी निदान केलं, आणि यावर उपाय नाही असंही सांगितलं. आईला ते मान्यच नव्हतं. रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची. एकच प्रश्न, काही सापडलं का? शेवटी बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स या तिघांनी मिळून दुधातल्या प्रथिनापासून फिनाइलॅलनिन काढून टाकलेलं एक मिश्रण तयार केलं. चवीला भयंकर असणार. पण काही महिन्यांत शीला रांगायला लागली, उभी राहिली, खुर्च्यांवर चढायला लागली. डोकं आपटणं थांबलं.

आता इथे जे झालं ते मला अजून पचत नाही. हा गुण आहाराचाच, हे जगाला पटायचं कसं? आई काय, लेकरू सुधारलं असंच म्हणणार! म्हणून डॉक्टरांनी आईला न सांगता त्या मिश्रणात फिनाइलॅलनिन परत घातलं. सहा तासांत फरक दिसू लागला. शीला पुन्हा रडू लागली, डोकं आपटू लागली, आणि सहा दिवसांत तिचं उभं राहणं गेलं. त्यानंतर, या वेळी मात्र आईच्या संमतीनं, इस्पितळात ठेवून तेच पुन्हा करून पाहिलं. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे सगळं छापून आलं.

विज्ञानाच्या दृष्टीनं पुरावा चोख होता. आईला मात्र काहीच माहीत नव्हतं आणि तरी तिला जे दिसलं ते खरं निघालं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पुढे अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी, ज्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला हाच आजार होता, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबावर करता येईल अशी स्वस्त चाचणी काढली. १९६० च्या दशकात तिथे नवजात बाळांची तपासणी सुरू झाली. आपल्याकडे गोव्यात २००८ मध्ये असा कार्यक्रम सुरू झाला होता, पण देशभर प्रत्येक बाळाची अशी तपासणी अजूनही होत नाही.

आणि आता भाच्याच्या डायरीकडे. जन्मतःच आहार सुरू केलेली ही मुलं चांगली वाढली, शाळेत गेली. मेंदू तयार झाला असं समजून सहा-आठ वर्षांची झाल्यावर अनेक ठिकाणी त्यांचा आहार सोडवला गेला. काही वर्षांत तक्रारी आल्या. अभ्यासात मागे पडतात, लक्ष टिकत नाही, हातातलं काम अर्धवट सोडतात. रक्तातलं फिनाइलॅलनिन वाढलं की लक्ष ढळतं, असं दिसलं. त्याची गर्दी झाली की टायरोसिनला मेंदूत शिरायला वाट मिळत नाही, आणि टायरोसिनपासूनच डोपामिन बनतं. चंचल मुलांना दिली जाणारी नेहमीची औषधंही याच डोपामिनवर काम करतात. २००० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं हा आहार जन्मभर पाळावा असं सांगितलं. म्हणजे शरीरातल्या चयापचयाचा आणि लक्षाचा संबंध नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. एका आजारात तरी तो अगदी मोजून दाखवता येतो.

मग साखरेचं काय? सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन फाइनगोल्ड या अ‍ॅलर्जीतज्ज्ञानं मुलांच्या चंचलपणाचं खापर कृत्रिम रंगांवर आणि स्वादांवर फोडलं. त्यात थोडं तथ्य निघालं, २००७ च्या साउथॅम्प्टनच्या अभ्यासानंतर युरोपात सहा रंगांच्या पदार्थांवर २०१० पासून इशारा छापावा लागतो. लोकांनी मात्र त्या गठ्ठ्यात साखरही बांधून टाकली. १९९४ मध्ये मार्क वोलरिच यांनी काही कुटुंबांना तीन-तीन आठवडे वेगवेगळा आहार दिला, एकदा भरपूर साखरेचा, एकदा अ‍ॅस्पार्टेमचा, एकदा सॅकरिनचा. त्यांतल्या शाळकरी मुलांना साखर बाधते असं त्यांच्या आईवडिलांचंच म्हणणं होतं. वागण्यात, अभ्यासात, कशातच म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास तर ऐकाच. हूव्हर आणि मिलिच यांनी पाच ते सात वर्षांचे पस्तीस मुलगे आणि त्यांच्या आया बोलावल्या. साखर खाल्ली की आमचा पोरगा उधळतो, असं सांगणाऱ्या आया. निम्म्यांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात सगळ्यांनाच अ‍ॅस्पार्टेम दिलं होतं. मग मायलेकांना खेळायला सोडलं. 'साखर दिली' असं ऐकलेल्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. आणि त्या मुलाला जास्त चिकटून राहिल्या, जास्त टोकत राहिल्या.

गंमत बघा, अ‍ॅस्पार्टेममध्ये फिनाइलॅलनिनच असतं. शीलाच्या दुधात गुपचूप घातलं होतं तेच. या मुलांना त्यानं काही झालं नाही, कारण त्यांचं यकृत धड होतं.

साखर कमी केलीत तर दातांचं आणि वजनाचं भलंच होईल, ते कराच. चंचल मुलांमध्ये स्थूलपणा थोडा जास्त आढळतो हेही खरं, पण कशामुळे काय, हा गुंता अजून सुटलेला नाही. भाच्याला मात्र आम्ही बालविकासतज्ज्ञांकडे नेलं. एडीएचडीच निघाला. त्या बाईंनी ताईला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की हे तुमच्या हातून झालेलं नाही.

रात्री मी ताईला या सगळ्या गोष्टी सांगितल्या. पस्तीस आयांचं ऐकून ती थोडी ओशाळली, मग हसली. म्हणाली, "मी पण सारखी मागेच असते गं त्याच्या." थोड्या वेळानं कॅन गोळा करता करता तिनं विचारलं, "आणि ती शीला? बरी झाली का पुढे?"

नाही झाली. निदान झालं तोवर मेंदूची हानी होऊन गेली होती. आहाराचा फायदा झाला तो तिच्यानंतर जन्मलेल्या मुलांना.

ताई काही बोलली नाही. आत जाऊन झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आली.