घोरपडीचा परदेशप्रवास



घोरपड म्हटलं की आपल्याला तानाजी आठवतो. कोंढाण्यावर चढलेली यशवंती मीही वर्गात रंगवून सांगायचो, आणि ही दंतकथा आहे हेही शेवटी सांगायचो. आज मात्र तिच्या कातड्याविषयी.

एके काळी आपल्या देशातून साप-घोरपडींची कातडी परदेशी जायची. तिकडे त्यांच्या पर्सा, पट्टे, बूट व्हायचे. शेतातले उंदीर खाणारी धामण थेट मडमेच्या खांद्यावर!

मग १९७२ आलं. आपल्या मराठवाड्याला ते साल माहीत ते दुष्काळाचं, सुकडीचं. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला, पण खडी फोडणाऱ्याला त्याचं काय? पुढे ३ मार्च १९७३ ला वॉशिंग्टनमध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार झाला, त्याला 'सायटीस' म्हणतात. भारत त्यात १९७६ साली सामील झाला आणि त्याच वर्षी सापाच्या कातड्यांची निर्यात बंद केली. करारात तीन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या प्राण्याचा धंदा करायचाच नाही, दुसरीतल्याचा परवान्यानेच. आपली घोरपड पहिल्या यादीत.

बंदी योग्यच होती. पण साप पकडून पोट भरणाऱ्यांनी काय करायचं? तमिळनाडूतल्या इरुळांनी रोम्युलस व्हिटेकर यांच्या साथीनं १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. साप धरायचा, विष काढायचं, साप परत सोडायचा. त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध होतं. म्हणजे हातातली विद्या वाया गेली नाही. आपल्याकडच्या गारुड्यांच्या, वैदूंच्या वाट्याला असं काही आलेलं मला तरी दिसलं नाही. त्यांच्या वाट्याला नुसतं कलम आलं. गोव्यातल्या घुमटवाल्यांनी घोरपडीऐवजी बकऱ्याचं कातडं चढवलं, तेवढं निभावलं.

असो. कातडं थांबलं, पण चोरटा व्यापार काही थांबला नाही. 'हत्थाजोडी' नावाची मुळी विकतात ना, घरात ठेवली की लक्ष्मी येते म्हणे! २०१७ मध्ये तपासलं तर ती निघाली नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं. (मास्तर असलो तरी लिहिणं भाग आहे.) इंटरनेटवरून ती इंग्लंड-अमेरिकेपर्यंत विकली जात होती.

तेव्हा परदेशातल्या भाचे-पुतणे मंडळींनो, इथून निघताना कुणी प्रेमानं अशी मुळी हातात दिली तर बॅगेत टाकू नका. नुसती जवळ बाळगणं हासुद्धा आपल्याकडे गुन्हा आहे.