रझाकार जन्मत नाही, बनतो

निवडणूक आली की सभांमध्ये एक शब्द हमखास ऐकू येतो : 'रझाकार'. बहुतेकदा तो आजच्या मुसलमानाला शिवी म्हणून वापरला जातो. म्हणून या शब्दाचे मूळ तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

अरबी 'रझा' म्हणजे संमती, खुशी. फारसी 'कार' म्हणजे करणारा. स्वखुशीने काम करतो तो रझाकार, म्हणजेच स्वयंसेवक. आपली 'रजा', 'राजी', 'मर्जी' आणि मंत्र्यांचा 'राजीनामा' ही याच शब्दाची भावंडे.

मग या शब्दाला रक्त कसे लागले? हैदराबाद संस्थानात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनने उभारलेल्या स्वयंसेवक दलाचे हे नाव. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी त्याचा म्होरक्या झाला. निजामाची सत्ता टिकवण्यासाठी या दलाने १९४७-४८ मध्ये गावे लुटली, घरे जाळली. बिदर जिल्ह्यातल्या वरवट्टीत मल्लिकार्जुन खर्गे या दलित मुलाचे घर जाळले. त्यात त्याची आई गेली. भारतात विलीन व्हा, असे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. ते मुसलमान होते, हे आजचे वक्ते सांगत नाहीत.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच निवेदन काढून अनुसूचित जातींना निजामाची बाजू न घेण्याचे बजावले होते. सक्तीच्या धर्मांतराचाही त्यांनी निषेध केला. तेव्हा रझाकारांविषयी आम्हाला तिळभरही ममता नाही.

पण इतिहास १७ सप्टेंबर १९४८ ला संपत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यात बहुसंख्य मुसलमान होते. हा अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला. ज्यांनी कधी रझाकाराचा गणवेश चढवला नाही, त्यांनी कोणाच्या गुन्ह्याची शिक्षा भोगली?

उत्तर शब्दातच आहे. रझाकार राजी होऊन बनतो, आईच्या पोटातून येत नाही. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणे हे जातीचे तर्कशास्त्र आहे. ते आम्ही पिढ्यान्पिढ्या भोगले, मग दुसऱ्याच्या माथी कसे मारू?

दीक्षाभूमीवर गर्दी सांभाळणारा समता सैनिक दलाचा तरुणही स्वयंसेवकच. नागपुरात स्वयंसेवक म्हणवणारे इतरही आहेत. कोण कशासाठी राजी झाला, एवढेच विचारायचे. प्रश्न सर्वांना सारखा.

जय भीम!