मजले वाढले, माणसं घटली

इमारतीची उंची आवरली की गर्दी आवरते, हा समज मुंबईच्या बांधकाम नियमांत शंभराहून अधिक वर्षं मुरला आहे. त्याचं मूळ प्लेगात आहे. १८९६ साली मांडवीत साथ फुटली आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट खोल्यांवर उपाय म्हणून ट्रस्टच्या कारभारात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला: समोर जेवढी मोकळी जागा, तिच्या दुप्पट इमारतीची उंची. त्याने खिडकीत उजेड आणला, हे मान्यच. पण खोलीत किती माणसं झोपतात, हे कोनाने कसं कळणार? १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजले, एवढ्याच उंच. आत मात्र १६० चौरस फुटांत अख्खं बिऱ्हाड, वर नोकरी लागेपर्यंत टेकलेले गाववाले.

पुढे चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण, आला. १९९१ च्या नियमावलीत तो मूळ मुंबईत १.३३ आणि उपनगरांत १ होता. पाणी, गटारं, लोकल यांवर ताण नको म्हणून हा लगाम हवाच, असं त्याचे समर्थक म्हणतात. चिंता खरी, पण माणसं निर्देशांक पाहून शहरात येत नाहीत. १९५१ ते २०११ दरम्यान बृहन्मुंबईची लोकसंख्या चौपटीने वाढली. कायदेशीर चटईक्षेत्र महागलं आणि चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत गेली. दोष एकट्या निर्देशांकाचा नाही, १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेही भाड्याची घरं बांधणं आतबट्ट्याचं केलं. तरी बुटकी धारावी देशातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक ठरली, याचं उत्तर उंचीच्या नियमापाशी नाही.

उलट पुरावा गिरणगावात आहे. परळ-वरळीत टॉवर चढत असताना मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधल्या सुमारे ३३ लाखांवरून २०११ मध्ये ३१ लाखांखाली आली. चाळी गेल्या, कचेऱ्या आल्या, मोठ्या घरांत लहान कुटुंबं आली. बीडीडीच्या पुनर्विकासात त्याच रहिवाशाला ५०० चौरस फूट मिळतात, म्हणून मजले वाढवावेच लागतात. प्रश्न मुंबईपुरता नाही: डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि मोजके प्रदेश सोडून राज्याला एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. पण नियमाचा दाब जमिनीच्या भावावर ठरतो. अंबड तालुक्यात साखर कारखान्याभोवती वसलेल्या अंकुशनगरात आणि पुण्यात एकच निर्देशांक लावला, तरी तो अडेल फक्त पुण्यातच.