गायक्याचा जाब

आमच्या काटोलकडच्या गावात सकाळी आठाच्या सुमाराला ढोरं आखरावर जमायची. गायकी हातातली काठी उचलून एक हाक द्यायचा आणि सगळा कळप नाल्याच्या दिशेने निघायचा. संध्याकाळी ढोरं परतली की प्रत्येक गाय आपापल्या घरात शिरायची. एखादी गाय नाही आली तर आमचे वडील ओट्यावरूनच ओरडायचे, "गायकी, आमची कबरी कुठं आहे?" मग तो म्हातारा, पोटात अन्नाचा कण नसताना, कंदील घेऊन परत रानात जायचा. गाय विहिरीत पडली, वाघरात अडकली, कोणाच्या तुरीत घुसून कोंडवाड्यात गेली, जाब त्यालाच. 'माझी चूक नाही, गायच तशी होती' असं म्हणायची त्याला सोय नव्हती. वर्षाला ढोरामागं मिळणाऱ्या पायली-कुडव ज्वारीत हा जाबही धरलेला असे.

हा गायकी म्हणजे गोवारी. दिवाळीच्या पाडव्याला हेच लोक डफडं वाजवत, बासरी फुंकत, ढाल घेऊन नाचत घरोघरी यायचे. आम्ही सुपात धान्य घालायचो, आया-बहिणी ओवाळायच्या. एरवी मात्र ते ओट्याच्या खाली बसायचे. ही गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

1994 च्या नोव्हेंबरात आमचा कापूस वेचायला आला होता आणि संत्र्याचा आंबिया बहार तोडणीवर होता. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, घरचा कारभार हळूहळू हातात घेत होतो. एका संध्याकाळी गायकी कोठ्यापाशी येऊन उभा राहिला.

"मालक, उद्या-परवा ढोरं तुम्हीच पाहा जी. आम्ही सारे नागपुराले चाललो, मोर्च्यात."

"काहून रे? कशाचा मोर्चा?"

"दाखल्याचा जी. पोरगं शिकलं, पण त्याले जातीचा दाखला भेटत नाही. आम्ही आदिवासी हाव, सरकार नाही म्हणते."

मी हसलो आणि म्हणालो, "दाखल्यानं ढोरं राखणं सुटणार आहे का?" तो काही बोलला नाही. रात्री गावच्या वेशीवर ट्रक उभा होता. त्यात बाया होत्या, लेकरं होती, भाकरीची गाठोडी होती. गायक्याची बायको, सून आणि सहा महिन्यांचं नातवंड त्याच ट्रकमध्ये चढलं.

दाखल्याचा तो वाद थोडक्यात असा. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असा जोडशब्द आहे. गोवारी म्हणायचे, ते आम्हीच, आमच्याशिवाय दुसरे कोणी गोंड गोवारी गावात दाखवा. सरकार म्हणायचं, गोवारी ही वेगळी जात आहे. 1985 साली राज्य सरकारने तसा आदेश काढला आणि दाखल्यांचा रस्ता बंद झाला. गायक्याच्या पोराचं पुढचं शिक्षण एका शब्दापाशी अडलं होतं.

23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. विदर्भातून हजारो गोवारी आले होते. पोलिसांनी मोर्चा विधान भवनापासून दूर, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवला. लोक सकाळपासून रस्त्यावर बसून होते. मागणी एवढीच की सरकारमधल्या कोणी तरी येऊन निवेदन घ्यावं. दिवस मावळला तरी कोणी आलं नाही. मुख्यमंत्री शरद पवार त्या दिवशी मुंबईला निघून गेले होते. संध्याकाळी लाल दिव्याची गाडी दिसली, लोकांना वाटलं मंत्री आले, गर्दी पुढे सरकली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. समोर कठडे, बाजूला जागा नाही, मागून माणसांचा रेटा. त्या चेंगराचेंगरीत 114 माणसं मेली. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं होती. पाचशेच्या वर जखमी झाले.

आमच्या गावात बातमी रात्रीच पोचली, पण कोण वाचलं अन् कोण नाही ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी ढोरं मी चारायला नेली. आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळी परतलो तर गायक्याच्या झोपडीसमोर माणसं जमलेली. बायको आणि सून परत आल्या होत्या. सुनेचा एक हात गळ्यात बांधलेला, पायात चप्पल नाही. नातवंड जिवंत होतं. एका अनोळखी पोरानं ते वरच्यावर हातोहात पुढं देऊन कठड्याच्या पलीकडे काढलं, असं ती सांगत होती. त्या पोराचं काय झालं ते तिला माहीत नव्हतं.

गायकी मला म्हणाला, "मालक, ढोरांचा कळप बुजला न, तं गायकी समोरून काठी मारत नाही. बाजूनं रस्ता मोकळा करून देतो. समोरून मारलं तं ढोरं एकमेकाच्या आंगावर चढतात. हे आमच्या लेकराले समजते."

मला उत्तर सुचलं नाही. गावातली शहाणी माणसं म्हणत होती, "बाया-लेकरं घेऊन जायचंच कशाला?" मीही मान हलवली होती. मेलेल्यांनाच जाब विचारायचा, हे आम्हाला किती लवकर जमलं!

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. सरकारने न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला. 1995 साली गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं, त्या सगळ्या प्रवर्गाला मिळून 2 टक्के आरक्षण. आणि आयोगाचा अहवाल आला तेव्हा त्यात कोणालाच दोषी धरलेलं नव्हतं. एक दुर्दैवी घटना, बस. लाठीचा हुकूम देणारा दोषी नाही, निवेदन न घेणारा दोषी नाही, हजारो माणसांना कठड्यांच्या कोंडीत बसवणारा दोषी नाही.

मी दहावी शिकलेला माणूस. कायद्याची पुस्तकं मला एका वकील पाहुण्यानं समजावून सांगितली. चौकशी आयोग 1952 च्या कायद्याने नेमतात. आयोगाला शिक्षा करायचा अधिकार नसतो, तो फक्त सांगतो, आणि त्याचं म्हणणं सरकारवर बंधनकारक नसतं. म्हणजे ज्या सरकारवर बोट आहे, त्याच सरकारनं आयोग नेमायचा आणि त्याचं ऐकायचं की नाही तेही त्यानंच ठरवायचं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 129 कलमात बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार होता, आणि 132 कलमात त्या कामासाठी पोलिसावर खटला भरायला आधी सरकारची परवानगी लागायची. 1973 ची ती संहिता 2024 मध्ये जाऊन नवी आली, पण ही परवानगीची अट तिच्यातही आहेच.

असं नाही की कधीच कोणाला जाब विचारला गेला नाही. 11 जुलै 1997 ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मेले. तिथं गुंडेवार आयोगानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदारावर ठपका ठेवला आणि 2009 साली सत्र न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. पुढं तो जामिनावर सुटला. तरी निदान हुकूम कोणाचा होता, ते कागदावर आलं. नागपुरात तेवढंही झालं नाही.

2006 साली सुप्रीम कोर्टानं प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात वेगळं प्राधिकरण पाहिजे. महाराष्ट्रानं 2014 मध्ये आपल्या पोलीस कायद्यात तशी तरतूद केली. चांगलं झालं. पण आमच्या तालुक्यातल्या बाजारात दहा माणसांना विचारलं तर एकालाही ते कुठं आहे हे सांगता येणार नाही. पोलीसही आमच्याच घरातली पोरं आहेत, रात्र रात्र बंदोबस्तात उभी असतात, हे मला कळतं. म्हणून तर वाटतं की जाब लाठी धरणाऱ्या शिपायापाशी थांबू नये, हुकूम देणाऱ्यापर्यंत गेला पाहिजे.

दाखल्याचं भांडणही अजून मिटलेलं नाही. 14 ऑगस्ट 2018 ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. गायक्याच्या घरी त्या दिवशी डफडं वाजलं. 18 डिसेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. म्हातारा त्याआधीच गेला होता, ते बरंच झालं म्हणायचं.

सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे, झिरो माइलजवळ स्मारक आहे. दर 23 नोव्हेंबरला तिथं लोक जमतात. काही वर्षांपूर्वी मीही गेलो. ट्रकमधून गेलेलं ते सहा महिन्यांचं नातवंड आता तिशीतलं, त्यानंच मला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. तो आता ढोरं राखत नाही. गावात राखायला ढोरंही उरली नाहीत.

फुलं वाहून आम्ही बाजूला बसलो. पुलावरून गाड्या चालल्या होत्या. तो म्हणाला, "काका, आजा सांगायचा, तुमची कबरी एकदा हरवली होती. तीन रात्री शोधली म्हणे."

"हो," मी म्हणालो. "चौथ्या दिवशी सापडली. तोवर माझे वडील त्याच्याशी धड बोलले नव्हते."

तो पुढं काही बोलला नाही. मीही नाही. उन्हं उतरायला लागली तसे आम्ही काटोल रोडला लागलो.