साताऱ्याचे सिंहासन आणि गोव्याची पत्रे

इ. स. १८३९ च्या सप्टेंबर महिन्यात एका रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने साताऱ्याच्या राजवाड्यास वेढा घातला आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीच्या वाटेला लावले. त्यांच्यावर तीन प्रमुख आरोप होते. कंपनीच्या देशी पलटणीतील अंमलदारांना फितविले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले आणि गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी गुप्त पत्रव्यवहार केला, असे ते आरोप. त्यांपैकी तिसऱ्या आरोपाचा विचार येथे करावयाचा आहे. शेजाऱ्याशी बोलणे हा अपराध केव्हा ठरतो, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

मराठी राज्य आणि पोर्तुगीज हे दीड शतकाचे शेजारी. त्यांच्यात लढाया झाल्या आणि तहही झाले. १६६७ साली शिवछत्रपतींनी त्यांच्याशी तह केला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. परंतु पुढची एक गोष्ट तितकीशी परिचित नाही. १७७२ साली मराठी आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. या तंट्यातून युद्ध पेटले नाही. १७७९ च्या तहाने बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना देण्याचे ठरले आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. तंटा वकिलांनी बोलणी करून मिटविला. व्यापाराचे धागे तर याहून जुने होते. कोकणचे मीठ, नारळ आणि सुपारी बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई, तर देशावरचे धान्य आणि गूळ घाट उतरून बंदरांकडे जाई.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे चित्र पालटले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंहांना उत्तरेस नीरा-भीमा व दक्षिणेस कृष्णा-वारणा यांमधील मुलूख दिला. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवे, खानापूर हे भागही त्यात होते. त्याच वर्षी सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीही कंपनीशी स्वतंत्र तह केला. साताऱ्याच्या तहाच्या पाचव्या कलमात मात्र एक कठोर अट होती. रेसिडेंटच्या मार्फत असेल तेवढाच, त्याखेरीज बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी, सरदाराशी वा व्यक्तीशी महाराजांनी संबंध ठेवावयाचा नव्हता. राज्य मिळाले, पण शेजाऱ्यांशी बोलण्याचा अधिकार गेला.

आता आरोपाकडे पाहू. पोर्तुगालची फौज आणून इंग्रजांना घालविण्याचा बेत महाराजांनी व्हाइसरॉय डॉम मॅन्युएल द पोर्तुगाल ई कास्त्रो यांच्याशी केला, असे म्हटले गेले. परंतु तेव्हाच्या पोर्तुगालची अवस्था काय होती? १८२२ साली ब्राझील हातचे गेले होते. १८२८ ते १८३४ या काळात दोन राजबंधूंच्या पक्षांत यादवी माजली होती. ज्यांना स्वतःचे घर सावरत नव्हते, ते साताऱ्यासाठी सैन्य कोठून पाठविणार? डॉम मॅन्युएल यांनीही हा आरोप नाकारला. महाराजांना मात्र या आरोपाची उघड सुनावणी मिळाली नाही आणि साक्षीदारांना समोरासमोर प्रश्न विचारण्याची संधीही मिळाली नाही.

तरीही सिंहासन वाचविण्याचा एक मार्ग त्यांच्यापुढे होता. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. तहभंग झाल्याची कबुली देणाऱ्या लेखावर सही करावी, म्हणजे झाले गेले विसरून राज्य कायम राहील, असे त्यांनी सुचविले. न केलेल्या अपराधाची कबुली देण्यास महाराजांनी नकार दिला.

साताऱ्याचे रेसिडेंट राहिलेले लॉडविक यांनी पुढे लंडनमध्ये महाराजांची बाजू घेतली. रंगो बापूजी गुप्ते यांनी तेथे चौदा वर्षे दाद मागितली, पण व्यर्थ. महाराज १८४७ साली काशीस निवर्तले. गादीवर बसविलेले त्यांचे बंधू शहाजी १८४८ साली वारले आणि दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. रंगो बापूजींच्या मुलाला १८५७ साली साताऱ्यातच फाशी देण्यात आले.

‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा आपण लहानपणीच पाठ करतो. दुसऱ्याविरुद्ध खोटे बोलू नये, एवढाच तिचा अर्थ आपण बहुधा घेतो. प्रतापसिंह महाराजांपुढे स्वतःविरुद्ध खोटी साक्ष देण्याचा प्रसंग उभा राहिला आणि त्या एका सहीचे मोल संपूर्ण राज्याएवढे होते. त्यांनी राज्य सोडले, पण सही केली नाही. साताऱ्याच्या राजवाड्यावरून जाताना या गोष्टीचे स्मरण व्हावे, एवढीच अपेक्षा.