व्हिजिटिंग कार्डाचा इतिहास : आराखडा काढण्यापूर्वी



तुमच्या परिचयातील एका व्यावसायिकासाठी व्हिजिटिंग कार्ड तयार करणे, हा तुमचा या सत्रातील प्रकल्प आहे. संगणक सुरू करण्यापूर्वी हे टाचण वाचा. एवढ्याशा कार्डासाठी इतिहास कशाला, असे तुम्हाला वाटेल. त्याचे उत्तर माझ्याच एका चुकीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतील टेलरकाकांसाठी कार्ड केले. काळी पार्श्वभूमी, करड्या रंगाची बारीक अक्षरे, कोपऱ्यात सुई-दोऱ्याचे चिन्ह आणि मोबाइल क्रमांक. मी वर्गात सर्वाधिक गुण दिले. काकांनी मात्र कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "छान झालंय, पण माझं दुकान कुठं आहे ते यात कुठं लिहिलंय?" दुकानाला क्रमांक नव्हता. 'शाळेच्या फाटकासमोर, पिंपळाखाली' असे लिहिणे विद्यार्थ्याला गावंढळ वाटले, म्हणून त्याने पत्ताच गाळला होता. मलाही त्यात काही खटकले नव्हते.

१. दारातला ससा

चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळातला (इ.स. ९६० ते १२७९) एक तांब्याच्या मिश्रधातूचा छपाईचा ठसा आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो जिनान शहरातील लिऊ घराण्याच्या सुयांच्या दुकानाचा. आकाराने जेमतेम तळहाताएवढा. मधोमध सशाचे चित्र आहे आणि दारातील पांढरा ससा हीच दुकानाची खूण समजावी, असा मजकूर आहे. उत्तम पोलादाच्या बारीक सुया मिळतील, घाऊक खरेदीदाराला सवलत मिळेल, हेही सांगितले आहे. छापील जाहिरातीच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांत याची गणना होते. मालक कोण, माल काय, दुकान कसे ओळखायचे, ही तीनही उत्तरे त्यात आहेत.

२. लंडनची दुकानपत्रे

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील बहुतेक घरांना क्रमांक नव्हते. दुकाने टांगलेल्या पाट्यांवरून ओळखली जात : सोनेरी किल्ली, निळे डुक्कर, तीन मुकुट. बऱ्याच ग्राहकांना वाचता येत नसे, त्यामुळे पाटीवरचे चित्र महत्त्वाचे. दुकानदार जी छापील पत्रे वाटत, त्यांच्या माथ्यावर बहुधा हेच चित्र असे आणि खाली 'अमक्या चर्चजवळ' अशी खूण. विल्यम हॉगार्थ या प्रसिद्ध चित्रकाराने १७२० मध्ये कोरीव कामाचा व्यवसाय सुरू करताना स्वतःचे असे पत्र कोरले होते. १७६० च्या दशकात टांगत्या पाट्या हटवल्या गेल्या आणि घरांना क्रमांक मिळू लागले. पत्रांवरही हळूहळू क्रमांक आले.

या पत्रांवरची वळणदार अक्षरे केवळ हौसेची नव्हती. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली जात. कोरलेल्या रेषेत शाई भरायची, पृष्ठभाग पुसायचा आणि ओलसर कागद दाबून छाप घ्यायची. या पद्धतीत सरळ रेषेइतकीच वळणदार रेषाही सहज उमटते. म्हणजे शैलीमागे तंत्र होते.

३. भेटीची चिठ्ठी आणि धंद्याचे पत्र

युरोपातील उच्चवर्गात दुसरीच प्रथा होती. भेटीला गेल्यावर नोकराजवळ आपल्या नावाचे छोटे कार्ड द्यायचे. त्यावर माल नाही, किंमत नाही. बहुधा फक्त नाव. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने याच आकाराच्या छायाचित्रांचे पेटंट घेतले आणि 'कार्त द व्हिजित' घरोघरी पोहोचले. आजच्या व्यवसाय-कार्डात हे दोन्ही प्रवाह मिसळले आहेत : माहिती दुकानपत्राची, आकार आणि संयम भेटकार्डाचा. आपल्याकडे बोलताना सुताराचे कार्डही 'व्हिजिटिंग कार्ड'च असते, ते या दुसऱ्या प्रवाहामुळे.

४. आपली लिपी

खिळे जुळवून देवनागरी छापायची तर जोडाक्षरे आणि मात्रांसाठी शेकडो खिळे लागत. शिळाछापात ही अडचण नव्हती. सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधलेल्या या तंत्रात तेलकट शाईने दगडावर लिहायचे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, या तत्त्वावर छाप उमटते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापापासून सुरुवात केली. त्यांचे मराठी पंचांग प्रसिद्ध आहे. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे सुबकतेसाठी देशभर नावाजले गेले.

आता खिळे गेले, पण लिपीची गरज तीच आहे. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि अक्षराखाली उकार येतात. त्यामुळे इंग्रजीइतक्याच पॉइंटमध्ये मजकूर ठेवला तर मूळ अक्षर लहान दिसते आणि ओळी एकमेकींत अडकतात. आपल्याकडचे कार्ड साधारण साडेतीन इंच बाय दोन इंचांचे असते. आधी इंग्रजी मांडून उरलेल्या फटीत मराठी, हिंदी किंवा नेपाळी कोंबू नका. ग्राहक जी लिपी वाचतो, तिच्यापासून सुरुवात करा.

५. प्रकल्पाकडे वळताना

टेलरकाकांचे कार्ड आम्ही पुन्हा केले. पांढऱ्या कागदावर काळी, ठळक अक्षरे. मागच्या बाजूला शाळेचे फाटक, पिंपळ आणि दुकान दाखवणारा चार रेषांचा नकाशा. पिंपळाची ती खूण गावंढळ नव्हती; लिऊंचा ससा जे काम करीत होता, तेच ती करीत होती. हे मला आधी ठाऊक असते, तर पहिल्या कार्डाला मी एवढे गुण दिले नसते.

तुम्ही कराल ते कार्ड कोणाच्या तरी पोटापाण्याशी जोडलेले असेल. म्हणून ते सादर करण्यापूर्वी पुढील कामे करा.

(अ) व्यावसायिकाला विचारा : ग्राहक तुमच्यापर्यंत कसे पोहोचतात? वाट कुठे चुकतात?
(आ) कार्ड प्रत्यक्ष आकारात छापा आणि साठीच्या पुढील एका व्यक्तीला चष्म्याशिवाय क्रमांक वाचायला सांगा.
(इ) परिसर अनोळखी असलेल्या मित्राला फक्त कार्ड देऊन दुकान शोधायला पाठवा. तो फोन न करता पोहोचला, तर कार्ड जमले.
(ई) कार्डावरील प्रत्येक घटक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते एका वाक्यात लिहा. ज्याचे उत्तर सापडणार नाही, तो घटक काढून टाका.